टोपातला साखरपुडा

"सर, जरा मागं येता का? पीठ ऐकत नाय."

मंगेश आचाऱ्याने हे वाक्य कमलाकररावांच्या कानात सांगितलं तेव्हा ते पोलादपूरच्या कार्यालयाच्या दारात उभे राहून पाहुण्यांच्या मनगटांना अत्तर लावत होते. मुलीचा साखरपुडा होता. मुलीच्या बापाला त्या दिवशी फक्त दोन कामं असतात, हसत राहणं आणि अंगठी सांभाळणं. दोन्ही कामं ते मन लावून करत होते. जावयाची अंगठी सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळून त्यांच्या झब्ब्याच्या वरच्या खिशात होती. डबी फुगते म्हणून त्यांनी ती घरीच ठेवली होती आणि दर थोड्या वेळाने छातीवर हात ठेवून पुडी जागेवर आहे ना हे बघत होते. लोकांना वाटत होतं, सरांचं ऊर भरून येतंय.

साखरपुडा सहज ठरलेला नव्हता. कमलाकरराव महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांची श्रिया आणि बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात नोकरी करणारा विनोद यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. विनोद मूळचा वर डोंगरातल्या कुडपणचा. घरी म्हशी, नाचणीची शेती आणि आई चिमाबाई. या चिमाबाईंचा होकार यायला वर्ष गेलं होतं, आणि आला तोही एका अटीवर.

"मुहूर्त टळता कामा नाय," असं त्यांनी महाडला येऊन, चहाला हात न लावता सांगितलं होतं. "थोरल्याच्या वक्ताला भटजी उशिरा आला. मुहूर्त गेला. सून सा महिन्यांत मुंबईला वेगळी ऱ्हायला गेली आनि पोरगाबी गेला तिच्यामागं. आता धाकल्याला मी तसं होऊ देनार नाय. बाराच्या आत अंगठी बोटात नाय गेली, तर आमी उठून जानार. मंग बोल लावू नका."

चिमाबाई बोलल्या म्हणजे तसंच करणार, हे विनोदने वेगळं सांगितलं होतं.

आता अकरा वाजून गेले होते आणि भटजी तर वेळेआधीच येऊन बसले होते. त्यामुळे कमलाकररावांना वाटलं, पीठ ऐकत नाही ही काही मोठी अडचण नव्हे. ते मंगेशच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

पिठाची भानगड मंचुरियनपासून सुरू झाली होती. साखरपुड्याला चायनीज हवंच, असं कमलाकररावांच्या बायकोचं, सरोजताईंचं म्हणणं. मंगेशला वडे सांगा, वाल सांगा, पाचशे माणसांचा भात सांगा, तो डोळे मिटून करील. पण मंचुरियन त्याने फक्त खाल्लं होतं. म्हणून खेडहून विपुल नावाचा चायनीज करणारा ठरवला होता. तो सामान आदल्या दिवशी पाठवून मोकळा झाला आणि स्वतः सकाळपासून कशेडी घाटात आडव्या झालेल्या ट्रकच्या मागे अडकून पडला. तिथून त्याने मंगेशला फोन केला. तो म्हणाला होता, "कॉर्नफ्लोअर अगदी थोडं घे, पाणी भरपूर घे, कालवून ठेव." घाटातल्या रेंजने त्यातलं जे पलीकडे पोचवलं ते असं होतं: "कॉर्नफ्लोअर... थोडं... पाणी... कालवून ठेव."

मंगेशला यात काहीच नवल वाटलं नाही. भाकरीचं पीठ असंच असतं. पीठ सगळं घ्यायचं, पाणी थोडं थोडं घालायचं. त्याने कोपरभर खोल टोपात कॉर्नफ्लोअरची आख्खी गोणी उपडी केली आणि बाह्या सरसावून मळायला बसला.

"मळाया घेतलं की दगड होतंय," मंगेश टोपापासून दोन हात लांब उभा राहून सांगत होता. "आनि हात काडला की पानी होतंय. आता गोळा केला होता सर, हातात. बघताबघता बोटांमधून पळून गेला. मला हे बाधिक वाटतंय, कायतरी भुताचं."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मंगेश, ठेव ते बाजूला आणि भजी तळ. पण कमलाकररावांचा एक दोष होता. समोर काही घडलं आणि ते का घडलं हे त्यांना ठाऊक असलं, की सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. त्यांचे डोळे चमकले. कांदा चिरणाऱ्या दोन बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या.

"बाधिक काही नाही," कमलाकरराव म्हणाले. "हे तुझं भाकरीचं पीठ नव्हे. हा मक्यातला नुसता स्टार्च. पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात लोंबकळत राहतात. हात हळू घातलास तर कणांना बाजूला व्हायला सवड मिळते. जोरात मारलास तर मधलं पाणी निसटतं आणि कण एकमेकांत अडकतात. एसटीत चढताना बघतोस ना? एकेक जण चढला तर सगळे आत जातात. सगळे एकदम घुसले की दारात बोळा बसतो आणि कंडक्टरही बाहेर राहतो. तसं."

"म्हंजे याला घाई चालत नाय," मंगेश म्हणाला.

"शाब्बास! हे बघ." असं म्हणून त्यांनी टोपावर वाकून मूठ आपटली. टप्प आवाज झाला, पाटावर आपटल्यासारखा. थेंबही उडाला नाही. बायकांच्या तोंडून "अगो बाई" निघालं. इथेच थांबायला हवं होतं. पण "अगो बाई" ऐकून कुठला मास्तर थांबतो? त्यांनी दुसऱ्यांदा मूठ आपटली, जरा जास्त वाकून, आणि खिशातली गुलाबी पुडी सरळ टोपात पडली.

पुडी उलगडली. अंगठी त्या पांढऱ्या पृष्ठभागावर क्षणभर ऐटीत बसली. मग सावकाश, एखादी म्हैस डबक्यात बसावी तशी, खाली जायला लागली.

"अरे!" कमलाकररावांनी झडप घातली. बोटं फळीवर आपटावीत तशी आपटली आणि नखं दुखावली. जिथे ते आपटत होते तिथे पीठ दगड, आणि अंगठीखाली मात्र लोणी. त्यांनी पुन्हा झडप घातली. पुन्हा दगड. तिसऱ्या खेपेला खाली दिसायला काही उरलंच नव्हतं. गुलाबी कागद तेवढा वर राहिला.

 स्वतःच सांगितलेलं विज्ञान स्वतःला लागू पडतं हे कमलाकररावांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"सर, हळू," मंगेश म्हणाला.

"कळतंय मला!" ते ओरडले. मग बाही दुमडून, श्वास रोखून, त्यांनी उजवा हात सावकाश टोपात सोडला. बोटं गेली, मनगट गेलं, कोपर बुडायला आलं तेव्हा तळ लागला. तळाशी चाचपताना काहीतरी गोल बोटाला लागलं. त्यांनी ते चिमटीत धरलं. जिवात जीव आला.

तेवढ्यात बाहेरून भटजींचा आवाज आला, "मुलीचे वडील कुठे आहेत? चला, वेळ होत आली!"

कमलाकररावांनी हात खस्सकन ओढला. हात आला नाही. चिमूट मात्र सुटली. टोप जमिनीवरून जरासा उचलला गेला, ठणकन खाली बसला, आणि मनगटाभोवती पिठाने अशी मूठ आवळली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरोजताई पैठणीचा पदर सावरत आत आल्या त्या नवऱ्याला ओरडायलाच. बघतात तर नवरा टोपापुढे गुडघ्यांवर.

"अहो, तुम्ही मंचुरियन कालवताय?"

"अंगठी," कमलाकरराव म्हणाले.

सरोजताईंनी कपाळाला हात लावला. त्यांना रागवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी राग पुढे ढकलला. "पाणी ओता. पातळ करा."

मंगेशने कळशी ओतली. पाणी वरच्या वर तळ्यासारखं उभं राहिलं. ते खाली मिसळायचं तर ढवळायला हवं, आणि ढवळायला पळी घातली की पळीच उभी राहत होती.

"मग उपडा करा टोप!"

"आणि मोरीतून अंगठी गेली की गटार उपसायला तू येणार का?" कमलाकरराव कळवळून म्हणाले. "हळू केलं तर येते गं बाहेर. फक्त कोणी घाई करू नका मला."

"घाई नको? चिमाबाई भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसल्यात! कशेडीत एवढी मोठी पाटी लावलीये, अति घाई संकटात नेई. तुम्ही ती दरवेळी मोठ्याने वाचता. वाचता कशाला?"

कमलाकररावांनी पुन्हा हात सैल सोडला. पीठही सैल झालं. पुन्हा चाचपणी. अंगठी पुन्हा लागली. या वेळी त्यांनी ती चिमटीत धरून मनातल्या मनात पाढे म्हणत हात वर आणायला घेतला. मनगट दिसायला लागलं होतं, आणि दारातून वराचे मामा आत आले.

नाथूमामांना चुना हवा होता, तंबाखूसाठी. कुडपणात चिखलात रुतलेली म्हैस काढायची असली की लोक नाथूमामांना बोलवायचे. होणाऱ्या व्याह्याचा हात टोपात रुतलेला पाहिल्यावर त्यांनी विचारपूस केली नाही.

"मास्तर, अडाकलाव? थांबा!"

"नको, नको, मामा, ओढू न—"

नाथूमामांनी कमलाकररावांना मागून कमरेत मिठी घातली आणि हिसका दिला. मास्तर उचलले गेले, मास्तरांबरोबर टोप उचलला गेला, आणि हवेत एक क्षण ती सगळी वरात तशीच राहिली. मग मामांचा पाय कांद्याच्या सालीवर घसरला. टोप जो खाली आदळला त्याचा आवाज पार हॉलच्या स्टेजपर्यंत गेला. सनई वाजवणारा स्पीकरसुद्धा कोणीतरी दचकून बंद केला.

नशीब एवढंच, की आदळल्याबरोबर पिठाचा दगड झाला आणि काही सांडलं नाही. पण अंगठी पुन्हा गेली, आणि आवाजापाठोपाठ सगळा हॉल स्वयंपाकघराच्या दारात आला. सगळ्यांत पुढे चिमाबाई.

चिमाबाई बुटक्या होत्या, तरी दार भरल्यासारखं वाटलं. त्यांनी टोपाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, वर तरंगणाऱ्या गुलाबी कागदाकडे पाहिलं. सोनाराचा कागद कुठलीही बाई ओळखते.

"अंगठी यात हाय?"



"चिमाबाई, यात घाबरण्यासारखं काही नाही," कमलाकरराव गुडघ्यांवरूनच म्हणाले. "हा द्रव आणि घन यांच्यामधला प्रकार आहे. दाब दिला की घट्ट होतो आणि—"

"मास्तर," चिमाबाईंचा आवाज थंड होता. "बारा वाजाया दहा मिंटं हायेत. मला शिकवू नका."

पहिल्यांदाच कमलाकरराव वाक्य अर्धवट टाकून गप्प बसले. त्यांना भीती वाटली, खरीखुरी. चिमाबाईंच्या पाठीमागे श्रिया उभी होती. मोतिया रंगाची साडी, कपाळाला चंद्रकोर, आणि चेहरा असा, की दहावीचा निकाल बघताना होता त्याहून वाईट. एवढ्या वर्षांत तिने त्यांच्याकडे हट्टाने मागितलेली, हे लग्न ही एकच गोष्ट होती. आणि ती त्यांनी कांदा चिरणाऱ्या बायकांना टाळ्या वाजवायला लावण्यासाठी टोपात घालवली होती.

"दुसरी अंगठी आणू," कोणीतरी पाहुणा म्हणाला. "बाजारात सोनार आहे."

"पूजा त्या अंगठीची झालीये," भटजी म्हणाले. "आणि मला पुढे बिरवाडीला जायचंय."

"नाथू," चिमाबाई म्हणाल्या, "गाडीवाल्याला सांग, गाडी काड."

नाथूमामा हलले नाहीत, पण हलतीलसं वाटलं. श्रियाने डोळ्यांतलं पाणी थोपवायला वर छताकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत विनोद आला. फेटा, शेरवानी, पायात करकरणारे नवे बूट. त्याने टोपात बोट हळूच बुडवून पाहिलं, मग जोरात टोचून पाहिलं, आणि समजल्यासारखी मान हलवली.

"सर, अंगठी आता हाताला लागतेय?"

कमलाकररावांनी चाचपलं. "लागली. चिमटीत आहे. पण वर आणायला घेतली की कोणीतरी ओरडतं, हात हिसकतो आणि ती जाते."

"मग वर आणू नका," विनोद म्हणाला. "अंगठी बोटापर्यंत येत नाय, तर बोट खाली नेऊ. आई, अंगठी बाराच्या आत बोटात गेली पायजे, असंच बोललीस ना तू? कुठं ते तर नाय बोललीस."

 चिमाबाईंनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी बिरवाडीकडे, म्हणजे त्या दिशेच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शास्त्राची हरकत नाही."

पाट आले. टोपाभोवती दोन पाट मांडले गेले. विनोद एका बाजूला बसला, श्रिया दुसऱ्या बाजूला, मध्ये मुलीचे वडील आधीपासून होतेच. शेरवानीची बाही दुमडली गेली, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या गेल्या.

"कोणी ओरडायचं नाही," सरोजताईंनी दारातल्या गर्दीला बजावलं. "कोणी ढकलायचं नाही. भटजी, तुम्हीसुद्धा जरा हळू."

दोन हात सावकाश टोपात शिरले. त्या पांढऱ्या पिठाखाली आता तीन हात होते आणि वरून एकही दिसत नव्हता. भटजींनी मंत्र सुरू केले. एरवी ते मंत्र असे म्हणत की जणू शेवटची एसटी सुटतेय. आज एकेक अक्षर वेगळं ऐकू येत होतं. बाहेर घड्याळ टिकटिकत होतं. चिमाबाई दाराच्या चौकटीत अशा उभ्या होत्या की एक डोळा टोपावर आणि एक घड्याळावर.

"बाबा, द्या," श्रिया पुटपुटली.

"दिली. धरलीस?"

"धरली."

"सर, हात हलवू नका, घट्ट होईल," विनोद म्हणाला. "श्रिया, सावकाश."

श्रियाने डोळे मिटले. खांदा जरासा पुढे झाला. कपाळावरची चंद्रकोर घामाने ओली झाली. सगळं स्वयंपाकघर श्वास धरून होतं. तेलाची कढई तेवढी उकळत होती आणि तिच्याकडे बघायला कोणी मोकळं नव्हतं.

"गेली," श्रिया म्हणाली. "घातली!"

"शुभं भवतु!" भटजींनी हात उंचावले. घड्याळात बाराला दोन मिनिटं होती. "मुहूर्तावर झालं हो!" सरोजताईंनी आनंदाने चिमाबाईंना मिठीच मारली, आणि चिमाबाईंनी, काय करावं न सुचून, ती मारू दिली. टाळ्या झाल्या. कोणीतरी पेढ्यांचा बॉक्स फोडला. स्पीकरवरची सनई जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली.

टोपापाशी मात्र दोन माणसं हसत नव्हती. विनोदने सरांकडे पाहिलं. सरांनी विनोदकडे पाहिलं. विनोदच्या भुवया किंचित वर गेल्या. कमलाकररावांनी अगदी बारीक मान हलवली. कान लाल झाले होते त्यांचे.

मग टोपात काहीतरी हालचाल सुरू झाली. विनोदच्या खांद्यावरून दिसत होतं की तो आतल्या आत कसलातरी खटाटोप करतोय. पण खटाटोप म्हटला की घाई आली, आणि घाई म्हटली की पीठ घट्ट. सासरा आणि जावई एकमेकांचा हात धरून तळाशी अडकून बसले.

"आता काडा हात," चिमाबाई म्हणाल्या. "पेढा घ्यायचाय ना?"

"काढतोय, काढतोय," कमलाकरराव म्हणाले. "हळू काढावा लागतो. द्रव आणि—"

"अहो, काढा!" सरोजताई म्हणाल्या.

इलाज नव्हता. दोघांनी हात सैल सोडले. सगळ्यांत आधी श्रियाचा हात बाहेर आला, पांढरा, बांगड्यांना पीठ लागलेला. मग विनोदचा आला. पाची बोटं मोकळी होती. लोक पुढे वाकले. पीठ लागलंय म्हणून दिसत नसेल, असं वाटून नाथूमामांनी स्वतःच्या उपरण्याने भाच्याचा हात पुसला. बोटं पुसूनही मोकळीच.

मग कमलाकररावांचा हात वर आला. सावकाश, पाढे म्हणत. आणि त्यांच्या अनामिकेत, पार मुळाशी, जावयाची अंगठी होती.

स्पीकरवरची सनई तेवढी वाजत राहिली.

"श्रिया!" सरोजताई म्हणाल्या. "अगं हे काय केलंस?"

श्रिया त्या हाताकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून आधी हसू फुटलं आणि हसता हसता रडू. "मला काही दिसत नव्हतं गं," ती म्हणाली. "हाताला बोट लागलं, ओळखीचं वाटलं. शाळेत जाताना हेच धरायचे ना मी. म्हणून घातली."

कमलाकररावांनी काही समजावून सांगितलं नाही. ते का घडलं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरी नाही सांगितलं. पीठ लागलेल्या मनगटाने त्यांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि चष्मा पांढरा करून घेतला.

आता सगळे चिमाबाईंकडे बघत होते. बाराचा ठोका पडला. एक एक करत सगळे बारा पडेपर्यंत त्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"भटजी," त्या म्हणाल्या, "मुहूर्त लागला का नाय?"

भटजी घसा खाकरून म्हणाले, "मुहूर्तावर वधूने अंगठी बोटात घातली. बोट कोणाचं, हे..." ते अडले. "अंगठी जावयाच्या नावाची. बोट व्याह्याचं. म्हणजे, दोन्ही एकाच घरात पडलं म्हणायचं."

"म्हंजे लागला." चिमाबाईंनी पेढ्याच्या बॉक्समधून एक पेढा घेतला. त्या टोपाजवळ आल्या, खाली बसल्या, आणि तो पेढा त्यांनी आधी सुनेच्या तोंडात घातला. "बापाचं बोट आंधारात वळखती ती पोरगी घर सोडून जानारी नाय. थोरलीनं आपल्या बापाला दोन वरसांत फोन नव्हता केला." मग त्या लेकाकडे वळल्या. "तू हात पुढं कर. आता कितीबी वाजूंदे."

विनोदने हात पुढे केला. कमलाकरराव अंगठी काढायला लागले. हात इतका वेळ पिठात भिजून फुगला होता आणि अंगठी सांध्यापाशी अडकली. मागून नाथूमामा मदतीला पुढे सरकले. सरोजताई साबण आणायला धावल्या. भटजींनी घड्याळ पाहिलं. कमलाकरराव सवयीने जोर लावणार, एवढ्यात चिमाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊंदे, मास्तर," त्या म्हणाल्या. "सावकाश काडा. पोरीचा बाप तुमी, घाई कसली?"